चहा सांगण्यात यावा

१९८९ साली, दिवाळीच्या आधीच्या एका मंगळवारी दुपारी, अंबरनाथमधल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पत्रकार परिषद सुरू होण्याच्या बेतात असताना माझ्या आधीच्या संपादकांनी मला सगळ्यांसाठी चहा सांगायला सांगितले आणि मी सांगितला नाही. चहा नंतर आला. तो शेवटी कोणी सांगितला याबद्दल उपस्थितांमध्ये एकमत नाही.

आधीचे संपादक म्हणजे उल्हासनगरातल्या एका साप्ताहिकाचे संपादक, मालक, मुद्रक आणि बहुतेक अग्रलेखांचे एकमेव वाचक. मी त्यांच्याकडे चार वर्षे नोकरीला होते. नोकरी प्रूफे वाचण्याची होती. बातम्या लिहिणे, अंकांना घड्या घालणे आणि चहा सांगणे ही कामे त्यातच धरलेली होती. कचेरी कॅम्प चारमध्ये एका फर्निचरच्या दुकानाच्या माळ्यावर होती. दुकानदार सिंधी गृहस्थ होते आणि जागाही त्यांचीच होती. ते सगळ्यांना ‘साईं’ म्हणत. संपादकांना साईं, हातगाडीवाल्याला साईं, मला साईं, वीज तोडायला आलेल्या माणसालाही साईं. त्यांचे एका शब्दावर भागत असे.

संपादकांचे तसे नव्हते. जाहिरात देणाऱ्याला ते ‘अहो’ म्हणत. जाहिरात देऊ शकेल अशा माणसाला ‘अहो’ आणि खुर्ची. बाकीच्यांना ‘अरे’ किंवा ‘अगं’. मला ‘मुली’ म्हणत. त्यांना स्वतःची एक मुलगी होती, साधारण माझ्याच वयाची. तिला ते नावाने हाक मारत. जादा खुर्ची एकच असल्यामुळे आणि ती जाहिरातदारांसाठी राखलेली असल्यामुळे मी कागदाच्या रिमांवर बसत असे. अंक छापून झाला की रिमे संपत आणि मी उभी राही.

बातमी लिहिण्याचा त्यांचा एकच नियम होता. कोणी केले ते लिहायचे नाही.

“नळ तोडला असं लिहिलंस, की तोडणारा भांडायला येतो,” ते म्हणत. “नळ तोडण्यात आला म्हण. म्हणजे नळ भांडायला येत नाही.”

त्यामुळे त्या चार वर्षांत आमच्या साप्ताहिकात कोणीही काही केले नाही. सगळे करण्यात येत असे. सत्कार करण्यात येत, आश्वासने देण्यात येत, सायकली पळवण्यात येत. एकदा एका नाट्यमंडळाचे अध्यक्ष भाषण करता करता स्टेजवरून खाली पडले. मी ‘अध्यक्ष पडले’ असे लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘अध्यक्षांचे खाली येणे झाले’ असे केले. अध्यक्षांनी पुढच्या अंकात पाव पानाची जाहिरात दिली.

ठाण्याच्या एका दैनिकाला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरसाठी बातमीदार हवा होता. मी अर्ज केला. सहा महिने बघू, जमले तर कायम करू, असे तिथल्या वृत्तसंपादकांनी सांगितले. मी संपादकांना सांगायला गेले.

“सर, मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही.”

“लग्न ठरलं?”

“नाही. दुसरी नोकरी मिळाली.” मी दैनिकाचे नाव सांगितले.

“तिथं प्रूफं कोण बघतं सध्या?”

“प्रूफांवर नाही सर. बातमीदार म्हणून घेतलंय.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “बघ. नाहीच जमलं तर परत ये, मुली. तुझी खुर्ची आहेच.”

ही खुर्ची मी त्या दिवशी प्रथमच ऐकली.

नव्या नोकरीत बातमी गोळा करायची आणि बदलापूरला घराजवळच्या मेडिकल स्टोअरमधून फोनवर ठाण्याला सांगायची, असे काम होते. या भागात तेव्हा आम्ही पाच-सहा बातमीदार होतो. त्यांत माझे आधीचे संपादक वयाने मोठे. त्यामुळे कुठल्याही पत्रकार परिषदेत ते यजमानांच्या शेजारी बसत आणि सगळ्यांची ओळख करून देत. माझी ओळख अशी असे: “ही आमच्याकडे होती.” मी आता कुठे आहे हा भाग ओळखीत येत नसे. मग ते म्हणत, “मुली, चहा सांग सगळ्यांना.”

पहिल्या वेळी मी उठले आणि चहा सांगितला. चार वर्षांची सवय होती. उठून झाल्यावर लक्षात आले. दुसऱ्या वेळी लक्षात होते, पण तोवर तिघांनी “मला कमी साखर” असे माझ्याकडे बघून सांगितले होते. त्यानंतर तर मी दारातून आत आले की एकजण आपसूक “माझा आल्याचा” म्हणू लागला.

इथपर्यंत प्रश्न चहाचा होता. पावसाळ्यात तो बातमीचा झाला.

अंबरनाथला छताच्या पंख्यांचे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथे उन्हाळ्यापासून टाळेबंदी होती. कामगार पालेगावपासून बदलापूरपर्यंतचे. रोज पाळीच्या वेळी गेटबाहेर येऊन बसत आणि पाळी सुटायच्या वेळी घरी जात. आमच्या गल्लीतलेच दोघे होते. कारखाना कधी उघडणार ही त्या वर्षीची या भागातली सगळ्यांत मोठी बातमी होती. बोलणी चालू होती आणि बोलण्यांची माहिती कारखान्याचे पर्सनल ऑफिसर पत्रकारांना देत. सप्टेंबरात बोलण्यांची पहिली यशस्वी फेरी झाली. ती बातमी सगळ्या पेपरांत आली, आमच्याखेरीज.

वृत्तसंपादकांनी फोनवर विचारले, “आपल्याकडे का नाही?”

“मला कोणी सांगितलं नाही, सर.”

“बाई, बातमी सांगायला कोणी घरी येत नाही. ती आणायला जायचं असतं.” ते शांतपणे बोलत, मला पहिल्या दिवसापासून अहो म्हणत, त्यामुळे बोलणी खाताना जास्त लागत. “कारखाना उघडण्याची बातमी चुकली, तर अंबरनाथला मी दुसरा माणूस देतो. तुम्ही इथं या. प्रूफांवर जागा आहे.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पर्सनल ऑफिसरांकडे गेले. सज्जन गृहस्थ होते. टाळेबंदीत त्यांना कामगार बोलत, मालक बोलत आणि, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, घरीही बोलण्यात येत असे.

“अहो मॅडम, मी तुमच्या सरांना शनिवारीच सांगितलं की,” ते म्हणाले.

“ते माझे सर नाहीत.”

“असं कसं? ते म्हणाले, ती आमचीच मुलगी आहे. तिला मी सांगतो, तुम्ही दोनदोन फोन कशाला करता.”

“मी दुसऱ्या पेपरला आहे. एप्रिलपासून.”

ते विचारात पडले. “पण मागच्या वेळी चहा तर तुम्हीच सांगितलात.”

चहा मीच सांगितला होता. साक्षीदार होते.

“हे बघा,” ते म्हणाले, “दिवाळीआधी केव्हाही करार होईल. त्याआधी एका मंगळवारी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावणार आहे. तेव्हा त्यांच्यासमोरच काय ते होऊ द्या. तुम्ही वेगळ्या आहात म्हणून ठरलं, की मी तुम्हाला वेगळा फोन करतो. नाहीतर उद्या ते म्हणतील मी घरात भांडणं लावली.”

मंगळवारपर्यंत थांबण्याऐवजी आधी खासगीत बोलून बघावे म्हणून मी उल्हासनगरला गेले. जाताना रिक्षात वाक्ये ठरवली होती. माळ्यावर संपादक डोळ्यांजवळ कागद धरून बसले होते.

“सर, थोडं बोलायचं होतं.”

“बोल ना. चष्मा घरी राहिला बघ. हा एवढा कॉलम नजरेखालून घाल, तोवर ऐकतो.”

मी रिमांवर बसले आणि कॉलम वाचला. ‘सत्कार’ऐवजी ‘सरकार’ झाले होते, ते दुरुस्त केले. एक ओळ दोनदा आली होती, ती काढली. मग त्यांनी पान दोन दिले. पान दोन संपत आले तेव्हा जिन्यावर पावले वाजली आणि एक जाहिरातदार आले.

“अहो, या, या. बसा.” खुर्ची पुढे आली. “ही आमची मुलगी. हिला ठाण्याच्या पेपरात ठेवलीय.”

मी पान दोन त्यांच्या हातात देऊन खाली आले. दुकानदार पलंगाला पॉलिश करून घेत उभे होते.

“वापस आ गई, साईं?”

“नहीं. मिलने आई थी.”

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिले. बोटांना शाई होती. “हाथ तो ड्यूटी करके आए हैं,” ते म्हणाले.

घरी आईला सगळे सांगितले. आई मेथी निवडत होती.

“ते वयानं मोठे आहेत,” आई म्हणाली. “चार लोकांत उलट बोलायचं नाही.”

“मग चहा सांगू?”

“चहा अजिबात सांगायचा नाही.”

“मग करू काय?”

“ते तू बघ. चार वर्षं पेपरात होतीस ना?” आणि तिने निम्मी जुडी माझ्यासमोर ठेवली.

मंगळवारी कॅन्टीनमध्ये लांब टेबलाच्या एका टोकाला कारखान्याचे मॅनेजर, पर्सनल ऑफिसर आणि युनियनचे सेक्रेटरी बसले होते. सेक्रेटरी तिथे असणे हीच बातमी होती, कारण उन्हाळ्यापासून ते आणि मॅनेजर एका टेबलावर बसले नव्हते. माझे आधीचे संपादक मॅनेजरांच्या शेजारी होते. मी मुद्दाम दारापासून लांब, भिंतीकडच्या खुर्चीत बसले. उठायचेच म्हटले तर दोघांना उठवावे लागले असते. पर्सनल ऑफिसर माझ्याकडे आणि संपादकांकडे आळीपाळीने बघत होते.

ओळखी झाल्या. “ही आमच्याकडे होती,” हेही झाले.

“मुली,” संपादक म्हणाले, “चहा सांग सगळ्यांना. साहेबांना बिनसाखरेचा.”

मी वही उघडली आणि तारीख घातली.

“ऐकलंस का? चहा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मोठ्या माणसाला उलट बोलायचे नव्हते आणि चहाही सांगायचा नव्हता. त्या दोन अटींत बसेल असे एकच वाक्य मला सुचले.

“चहा सांगण्यात यावा, अशी मागणी करण्यात आली आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“मागणी कोणाकडे करण्यात आली, ते मात्र समजू शकलेलं नाही.”

आधी युनियनचे सेक्रेटरी हसले. ते साप्ताहिकाचे जुने वर्गणीदार होते. त्यांच्या सभा त्यात कायम ‘घेण्यात आल्या’ होत्या आणि त्यांच्यावर एकदा अंडेही ‘फेकण्यात आले’ होते. त्यांच्यामागून दोघे बातमीदार हसले. हिंदी पेपरच्या बातमीदाराने शेजाऱ्याला विचारले, “क्या बोली?” शेजाऱ्याने भाषांतर केले: “चाय बोलने में आए, ऐसी माँग करने में आई है.” हिंदी पेपरवाल्याला ते कळेना. “माँग किसने की?” तो म्हणाला. “वोच तो,” शेजारी म्हणाला.

“थट्टा करतेस?” संपादकांनी विचारले.

“नाही, सर. तुम्हीच शिकवलंत.”

“मी तुला लिहायला शिकवलं. बोलायला नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते, आणि वाक्याच्या आडोशाला एवढाच वेळ थांबता येत होते. मी पेन खाली ठेवले.

“सर, मी दुसऱ्या पेपरची बातमीदार आहे. मी चहा सांगणार नाही. तुमच्याकडे ठेवलेली माझी बातमी मला मिळत नाही.”

ही तिन्ही वाक्ये कर्तरी होती.

संपादकांनी मॅनेजरांकडे पाहिले, मॅनेजरांनी पर्सनल ऑफिसरांकडे. पर्सनल ऑफिसर एकदम ताठ बसले. “म्हणजे मॅडमचा पेपर वेगळा,” ते म्हणाले. “म्हणजे ठरलं ना हे? दोन वेगळे पेपर?”

कोणी नाही म्हटले नाही.

आता संपादकांना मला काहीतरी म्हणायचे होते. त्यांनी तोंड उघडले. ‘मुली’ म्हणणे आता शक्य दिसत नव्हते. ‘तू’ म्हटले तर पुन्हा तेच होणार होते. ‘तुम्ही’ म्हणणे म्हणजे खुर्ची देणे. त्यांनी तोंड मिटले, पंख्याकडे बघितले आणि पंख्याला उद्देशून म्हणाले, “बरं. सुरू करायला हरकत नसावी.”

पत्रकार परिषद सुरू झाली. मध्येच चहा आला. आपण सांगितला असे नंतर हिंदी पेपरवाला म्हणत असे, पण कॅन्टीनमध्ये पाहुणे दिसले की चहा येतोच, असे सेक्रेटरींचे मत होते.

शुक्रवारच्या साप्ताहिकात या प्रसंगाला एक ओळ मिळाली: ‘प्रारंभी चहापानाच्या मुद्द्यावर वेगळा सूर लावण्यात आला.’ सूर कोणी लावला ते दिले नव्हते. वृत्त अचूक होते.

त्या मंगळवारपासून संपादकांनी माझ्याशी बोलताना मला काही म्हणणेच सोडले. मराठीत हे किती दूरवर जमू शकते, ते मला तेव्हा कळले. गुरुवारी ते स्टेशनाबाहेर भेटले.

“येणं कधी झालं?”

“आत्ताच, सर.”

“जेवण वगैरे?”

“झालं.”

“छत्री आणलेली दिसते.”

“हो.”

“छान. असावी.”

शनिवारी बदलापूरला एका बारशाला ते समोर आले. मी आणि आई शेजारी शेजारी उभ्या होतो. त्यांनी आईला नमस्कार केला. “काय ताई, मुलीची तब्येत बरी आहे ना?”

आईने माझ्याकडे हात केला. “ही काय उभी आहे. तिलाच विचारा.”

“विचारलं म्हणून सांगा,” ते म्हणाले आणि पंगतीकडे गेले.

मला राग यायला हवा होता, पण आईने मान वळवून मला गंभीरपणे “तुझी तब्येत विचारलीय” असे सांगितले आणि आम्हा दोघींनाही बाजूला जाऊन उभे राहावे लागले.

रविवारी दुपारी मेडिकल स्टोअरमधून निरोप आला की कोणीतरी फोन धरून ठेवला आहे. मी गेले. पर्सनल ऑफिसर होते.

“मॅडम, करारावर सह्या झाल्या. उद्या पहिल्या पाळीला गेट उघडतंय. हे मी तुम्हाला स्वतः सांगतोय बरं का, कोणामार्फत नाही.”

मी दोन प्रश्न विचारले: दिवाळीआधी पगार मिळणार का, आणि सगळ्यांना परत घेणार का. पगाराला त्यांनी हो म्हटले. दुसऱ्याचे उत्तर त्यांना नक्की माहीत नव्हते आणि तसे त्यांनी सांगितले. सेक्रेटरींना गाठून त्यांच्याकडून खात्री करून घेतली. मग ठाण्याला फोन लावला आणि बातमी सांगितली. ‘व्यवस्थापनाने आणि युनियनने करारावर सह्या केल्या,’ असे पहिले वाक्य होते. पलीकडून लिहून घेणाऱ्याने “सह्या करण्यात आल्या असं करू का?” म्हणून विचारले. मी नको म्हटले.

सोमवारी सकाळी मेडिकल स्टोअर उघडायच्या आत मी दारात उभी होते. पेपर मिळाला होता; बातमी पहिल्या पानावर होती. वृत्तसंपादकांच्या घरी फोन लावला.

“वाचली,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाकडे पगाराचं नाही. अंबरनाथ तुमच्याकडेच राहील. कायम केल्याचं पत्र या महिन्यात निघेल.”

“बरं, सर.”

“आणि आत्ता तुम्ही फोनवर काय करताय? गेट उघडतंय ना?”

मी पोचले तेव्हा गेट नुकतेच उघडत होते. कामगार रांगेने आत जाऊ लागले, प्रत्येक जण टाइम ऑफिसच्या खिडकीशी थांबून पुढे. आमच्या गल्लीतले दोघेही होते. एकाने नवा शर्ट घातला होता. युनियनचे सेक्रेटरी गेटशी उभे राहून मोजत होते आणि मी त्यांच्याशेजारी उभी राहून मोजत होते. रांग संपली तेव्हा आमचे दोघांचे आकडे जुळले. सगळे आत गेले होते.

माझे आधीचे संपादक उल्हासनगरहून रिक्षाने आले तेव्हा गेट पुन्हा लागले होते आणि आत यंत्रे सुरू झाल्याचा आवाज येत होता. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. खिशातून कागद काढला, पेन काढले, चष्मा घातला.

“किती जण आत गेले,” त्यांनी गेटकडे बघत विचारले, “ते काही समजू शकलं का?”

मी आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.